दिवसा राम, रात्री कृष्ण

आमच्या घराण्यातील पूर्वज सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून बेळगावला आले, त्याला आता चार पिढ्या झाल्या. येताना त्यांनी काय काय बरोबर आणले याची यादी कोणी करून ठेवलेली नाही. पण माळ्यावर एक सरकत्या झाकणाची, लाखकाम केलेली लहानशी पेटी होती आणि ती तिकडचीच होती, याविषयी घरात कधी वाद नव्हता. पेटीत रुपयाहून थोडी मोठी, गोल, चकचकीत पाने होती. आजी त्यांना ‘गंजिफा’ म्हणत असे. चातुर्मासातल्या लांबट दुपारी शेजारच्या दोघी तिच्याकडे येत, मधल्या खोलीत चटई अंथरली जाई आणि तिघींचा डाव मांडला जाई. आम्हा मुलांना जवळ बसण्याची मुभा होती, बोलण्याची नव्हती. ‘मोजत्येय मी’ एवढेच ती आमच्याकडे न बघता म्हणे.

आजीमागे तो डाव कोणी मांडला नाही. आम्ही त्या पानांचे दुकान-दुकान खेळात पैसे केले. त्याचा परिणाम असा की, आज पेटीतली पाने मोजली तर १२० ऐवजी ११७ भरतात. कूर्माचा प्रधान, वामनाची सत्ती आणि कल्कीची दुर्री या तीन पानांचा पत्ता नाही. एखाद्या चित्रसंग्रहाच्या दृष्टीने ही हानी किरकोळ ठरेल. खेळाच्या दृष्टीने मात्र ११७ पानांचा गंजिफा म्हणजे काहीच नव्हे. असे का, हे सांगायचे तर तो खेळ काय होता आणि कोठून आला, हे आधी सांगितले पाहिजे.

हिंदुस्थानात गंजिफाचा ठळक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. १५२७ साली त्याने सिंधमधील शाह हसन याच्याकडे मीर अली नावाच्या सेवकाहाती गंजिफा पाठवला. शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्याने तो मागितला होता, असे बाबर लिहितो. त्याचा नातू अकबर याच्या काळी अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाला स्वतंत्र जागा दिली. तेथे वर्णिलेला जुना संच बारा रंगांचा, प्रत्येक रंगात बारा पाने, म्हणजे एकूण १४४ पानांचा आहे. रंगांची नावे वाचताना मौज वाटते: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी ती नावे आहेत आणि ती उघडउघड संस्कृत वळणाची आहेत. इराणी नावाचा खेळ इतक्या लवकर इथल्या मातीचा झाला होता.

पुढे रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली गंजिफा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम हे चार रंग एका बाजूस. चंग, सुर्ख, बरात, किमाश हे चार दुसऱ्या बाजूस. सफेद म्हणजे चांदीचे नाणे, सुर्ख म्हणजे सोन्याचे. बरात म्हणजे हुंडीसारखा कागद, किमाश म्हणजे व्यापारी माल. एखाद्या दरबाराचा सारा कारभारच पानांवर उतरवलेला असावा, असा हा संच आहे. दक्षिणेत आणि पूर्वेकडे याच आराखड्यावर दशावतार बसले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने, मिळून १२०. राजाच्या पानावर खुद्द अवताराची मूर्ती, प्रधान बहुधा घोड्यावर आणि अंकांच्या पानांवर तितके मासे, तितकी कासवे, तितके परशू. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयर यांनी तर एकोणिसाव्या शतकात तीनशेंच्या वर पाने असलेले संच रचले. ते कितीजणांना खेळता आले असतील, हा प्रश्न मनात येतोच; राजांचे छंद राजांना शोभतात.

ही पाने कोठे कोठे होत, हे पाहिले तर आपल्यासारख्या विखुरलेल्या मराठी घरांच्या ओळखीची नावे भेटतात. ग्वाल्हेर संस्थानातले श्योपूर, हैदराबाद संस्थानातले निर्मळ आणि आमची सावंतवाडी. त्यापलीकडे बंगालात बिष्णुपूर आणि ओडिशात पुरी, रघुराजपूर. सावंतवाडीचे काम चितारी मंडळींचे. कापडाचे अथवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर पांढरा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. एक पान बिघडले तर तेवढेच पुन्हा करावे लागे, आणि तेही इतक्या तंतोतंत की पाठीकडून ओळखू येता कामा नये. खेळणाऱ्याच्या दृष्टीने पानाची पाठ पोटाइतकीच महत्त्वाची, ही गोष्ट चित्रांच्या कौतुकात आपण विसरतो.

आता खेळाकडे येतो. दशावतारी डाव तिघांचा. प्रत्येकी ४० पाने. भिडू कोणी कोणाचा नाही, ज्याचा तो. डाव उजवीकडे फिरतो. आरंभ कोणी करायचा हे वाटणाऱ्यावर अवलंबून नाही, तर आकाशावर आहे. दिवसा खेळ मांडला असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा आला असेल तो प्रथम खेळतो. रात्र असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, तो. राम सूर्यवंशी, आणि कृष्ण सोमवंशातला व मध्यरात्री जन्मलेला. तेव्हा ही वाटणी कोणालाही पटावी. मोगली संचातही हेच तत्त्व आहे: दिवसा सोन्याच्या सुर्खचा राजा आणि रात्री चांदीच्या सफेदचा. पहिला उतार करताना त्या राजाबरोबर एक हलके पान टाकायचे आणि इतरांनी आपापली दोन पाने द्यायची.

राजा सर्व रंगांत श्रेष्ठ, त्याखाली प्रधान. त्यानंतर मात्र गंमत आहे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, मग नव्वी, अठ्ठी असे करीत एक्का सर्वांत हलका. उरलेल्या निम्म्या रंगांत हा क्रम उलटा होतो; प्रधानाखाली लगेच एक्का, मग दुर्री, तिर्री आणि दश्शी तळाला. फारसी वळणाने पहिल्या रंगांना ‘बिशबर’ आणि दुसऱ्यांना ‘कमबर’ म्हणत. एकात अधिक ते वर, दुसऱ्यात कमी ते वर. हा उलटा क्रम आपल्याकडचाच चमत्कार आहे असे नाही. स्पेन-पोर्तुगालच्या जुन्या खेळांतही चार रंगांपैकी दोन रंगांत अंक असेच उलटे चालत. पत्त्यांचे सारे जग एकमेकांचे दूरचे नातलग आहे, याची ही एक खूण.

या खेळात रंगाला रंग देण्याची सक्ती नाही आणि आज आपण ज्याला हुकूम म्हणतो तसा वरचढ रंगही नाही. मग हुकूम म्हणजे काय? ज्या पानाहून मोठे असे त्या रंगाचे एकही पान आता खेळात शिल्लक नाही, ते पान हुकूम. राजा जन्मतःच हुकूम असतो. राजा पडला की प्रधान हुकूम होतो. हाती हुकूम असलेल्याने तो टाकावा, बाकीच्या दोघांनी आपल्या नको असलेल्या पानांतले एकेक द्यावे आणि त्याने हात उचलावा. हुकूम संपले की हलके पान टाकून डाव दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागतो. शेवटी ज्याने जास्त पाने उचलली तो जिंकला.

ऐकायला हे सोपे आहे. पण समजा, डाव निम्म्यावर आला आहे आणि माझ्या हातात एका बिशबर रंगाची अठ्ठी आहे. त्या रंगाचे राजा, प्रधान, दश्शी आणि नव्वी ही चारही पाने पडली असतील तर माझी अठ्ठी हुकूम आहे. एकही शिल्लक असेल तर ती नुसती अठ्ठी. त्याच वेळी कमबर रंगाची तिर्री हाती असेल तर राजा, प्रधान, एक्का, दुर्री गेली की नाही हे आठवले पाहिजे. उचललेले हात पालथे असतात, उघडून पाहायचे नसतात. असे दहा रंग, आणि समोरचे दोघे आपली हलकी पाने टाकताना मधूनच एखादे मोठे पान गुपचूप गाडून टाकतात, तेही ध्यानात धरायचे. म्हणजे हा खेळ पानांचा आहे खरा, पण खेळला जातो तो स्मरणाने. आजी ‘मोजत्येय मी’ म्हणे, त्याचा अर्थ मला कळायला पन्नास वर्षे लागली. संचातले एकच पान हरवले तरी त्या रंगाचा सारा हिशेब कोलमडतो. तीन हरवली तर तीन अवतार गेले.

हा खेळ मागे का पडला याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. हाताने रंगवलेली १२० पाने एका बाजूला आणि यंत्रावर छापलेली ५२ पाने दुसऱ्या बाजूला, अशी ती असमान लढाई होती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच आपले पत्ते गोव्यात आणले होते, पण त्यांवर तलवारी, सोटे, पेले आणि नाणी असत. आपल्या घरांत जो संच रुजला तो निराळा, फ्रेंच चिन्हांचा. एकोणिसाव्या शतकात युरोपातील कारखान्यांतून, विशेषतः बेल्जममधील तुर्नहाउट गावाहून, स्वस्त छापील पत्ते हिंदुस्थानात येऊ लागले आणि चितारी मंडळी लाकडी खेळण्यांकडे वळली. चितारआळीतली लाकडी फळे आज सर्वांना ठाऊक आहेत. गंजिफा मात्र विचारून शोधावा लागला.

नव्या पत्त्यांना आपण नावे कशी दिली, हे पाहण्यासारखे आहे. बदाम आणि चौकट ही नावे आकार पाहून ठेवलेली, अगदी घरगुती. इस्पिक आणि किलवर हे शब्द मात्र पाहुणे आहेत. किलवराला डच भाषेत ‘क्लावर’ म्हणतात आणि डचांची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्याला, म्हणजे सावंतवाडीच्या दारातच होती, हे येथे नमूद करून ठेवतो. ‘तीनशेचार’ हा खेळ ज्यांनी खेळला आहे त्यांना गुलामाचे ३० आणि नव्वीचे २० गुण हा विचित्र हिशेब आठवत असेल. एक्क्याचे त्यात ११, दश्शीचे १०, राजाचे अवघे ३ आणि राणीचे २. गुलाम-नव्वीला डोक्यावर घेणाऱ्या या घराण्याचे नाते पत्त्यांच्या इतिहासाचे अभ्यासक डचांशीच जोडतात.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो ‘हुकूम’ या शब्दाचा प्रवास. पाने बदलली, खेळ बदलला, शब्द राहिला आणि त्याचा अर्थ बदलला. गंजिफात हुकूम हा सिद्ध करावा लागे. प्रत्येक पान आपली पाळी आली की हुकूम होई आणि ती पाळी आली हे ज्याला आठवे त्यालाच त्याचा उपयोग. नव्या खेळांत हुकूम बोलला जातो. पाच पाने पाहून एकाने ‘इस्पिक’ म्हटले की इस्पिकाची सत्तीसुद्धा बदामाच्या एक्क्याला खाते. आपण ‘हुकमी एक्का’ म्हणतो तो या नव्या व्यवस्थेतला. जुन्या व्यवस्थेत एक्का निम्म्या रंगांत सर्वांत हलका होता, हे त्या वाक्प्रचाराच्या स्वप्नातही नसते.

आमच्या पिढीने घरोघरी जे खेळ खेळले त्यांत तिघांचा असा एकच खरा, तो म्हणजे ‘पाच-तीन-दोन’. गंजिफाची जागा त्यानेच घेतली, असे मला वाटते. तिघेच जमले की दुसरे खेळणार काय? बावन्नातून हलकी पाने काढून तीस ठेवायची: चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस आणि इस्पिक व बदाम यांच्या सत्त्या. प्रत्येकी दहा. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, त्याच्या उजवीकडच्याने पाच, उरलेल्याने तीन. पाचवाला पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलतो आणि पहिले पानही तोच टाकतो. पुढच्या डावात पाचवाला वाटतो, म्हणजे त्याच्यावर दोनच हातांचा भार येतो. तीनवाला पाचावर चढतो, दोनवाला तिनावर. सुख-दुःख असे आळीपाळीने फिरते.

यातला खरा रस देण्याघेण्यात आहे. एखाद्याचा हात कमी पडला आणि दुसऱ्याचा वाढला, तर पुढच्या डावात पाने वाटून झाल्यावर, पहिले पान पडण्याआधी, वाढलेल्याने कमी पडलेल्याच्या हातातून न पाहता एक पान ओढायचे आणि आपल्याकडचे एक परत द्यायचे. दोन हात कमी पडले असतील तर दोनदा. बरेचदा एक्का जाऊन अठ्ठी येते. क्वचित सत्ती ओढली जाते आणि ओढणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. सावकाराने कर्जदाराच्या घरात डोळे बांधून शिरावे, तसा हा प्रकार आहे. आमच्याकडे या ओढण्यावरून जेवढी भांडणे झाली तेवढी जमिनीच्या वाटणीवरून झाली नाहीत. खेळ मोठा चुरशीचा, यात शंका नाही. पण त्यात तीस पाने आठवायची आणि हुकूम बोलण्याचे सुख आहे. १२० पाने आठवण्याची मेहनत नाही.

सावंतवाडीत गंजिफा पूर्णपणे विझण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या दशकात पुढाकार घेतला. जुन्या चितारी कारागिराकडून कला समजून घेतली, नवे हात शिकवले आणि राजवाड्यातच काम सुरू केले. शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ साली. त्यांचे हे ऋण मोठे आहे. त्याच सुमारास रुडॉल्फ फॉन लायडन हे जर्मनीतून येऊन मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक देशभर हिंडून संच आणि खेळाचे नियम दोन्ही गोळा करीत होते. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गंजिफाचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांचेच पुस्तक प्रसिद्ध झाले. या मंडळींमुळे गंजिफा वाचला. पण वाचले ते काय, असे विचारले तर प्रांजळपणे म्हणावे लागेल की वाचले ते चित्र. सावंतवाडीहून आणलेले संच मी अनेक घरांत पाहिले आहेत. ते काचेमागे, चौकटीत, दिवाणखान्याच्या भिंतीवर असतात. कोणाच्या घरी तिघे चटईवर बसून ते खेळताहेत, असे दृश्य मला एकदाही दिसले नाही. रंगवलेले पान भिंतीवर टिकते. पडलेली पाने मनात धरून ठेवण्याची सवय भिंतीवर टिकत नाही.

म्हणून गेल्या वर्षी एक उद्योग केला, तो आपल्या सभासदांना सांगावासा वाटतो. खर्च अगदी नाममात्र आहे. बाजारातून पत्त्यांचे एकाच पाठीचे दोन संच आणले. दोन्हींतून चारही गुलाम काढून टाकले, म्हणजे प्रत्येक रंगात बारा पाने उरतात: राजा, राणी आणि दहा ते एक. राणीला प्रधानपद दिले. तिची काही तक्रार दिसली नाही. एका संचाच्या सर्व पानांवर, पोटाच्या बाजूला, शाईचा ठिपका दिला. झाले आठ रंग आणि ९६ पाने, म्हणजे तंतोतंत मोगली गंजिफा. ठिपका नसलेले चार रंग बिशबर, त्यांत दश्शी मोठी. ठिपक्याचे चार कमबर, त्यांत एक्का मोठा. तिघांना प्रत्येकी बत्तीस. दिवसा ठिपक्याच्या बदाम राजाने आरंभ करायचा, रात्री बिनठिपक्याच्या इस्पिक राजाने. सुर्ख कमबर आणि सफेद बिशबर असतो, तेव्हा ही योजना शास्त्रालाही धरून आहे. काढलेले आठ गुलाम पेटीत ठेवावेत. नाती मोठी झाली की तीनशेचारला लागतील.

पहिल्या दिवशी नात, शेजारचा तिचा मित्र आणि मी असे तिघे बसलो. ठिपक्याच्या किलवराची दश्शी तिने मोठ्या ऐटीने टाकली आणि मी ती दुर्रीने खाल्ली, तेव्हा तिने हे चूक आहे म्हणून पाने खाली ठेवली. तिची समजूत काढण्यात अर्धा तास गेला. पाचव्या-सहाव्या डावापासून तिचे ओठ हलू लागले. ती मोजत होती. मित्राने मधेच काहीतरी विचारले, तर तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

त्या संध्याकाळी शेवटचा डाव वाटून झाला तेव्हा घरात दिवे लागले होते, पण बाहेर उजेड होता. बदाम राजा तिच्याकडे आला होता, इस्पिकाचा त्या मुलाकडे. दोघेही आपापल्या परीने हक्क सांगू लागले. मी काही बोललो नाही. दोघे उठले आणि दिवस मावळला की नाही ते पाहायला गच्चीवर गेले.